ब्लॉक कोणी ठेवला होता

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तो एका गैरसमजातून. साळवेकाका उपकारस्तुती इतकी सुंदर करतात, तर कंपनीच्या दिवसांत देवाने कसं सांभाळलं त्यावर चार शब्द लिहावेत, असं त्यांचं म्हणणं. हा अंक शेजारीपाजारीही वाचतात म्हणून सांगतो. उपासनेत कोणीतरी उभं राहून, देवाने केलेल्या उपकारांबद्दल सगळ्यांच्या वतीने त्याचे आभार मानायचे, याला आम्ही उपकारस्तुती म्हणतो. कासारवाडीच्या आमच्या लहानशा मंडळीत हे काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. आवाज मोठा, शब्दांना तोटा नाही, आणि मी वेळेवर आमेन म्हणून खाली बसतो. तिसरा गुण लोकांना जास्त आवडतो.

हा आवाज मोठा कुठे झाला ते मात्र संपादकांनी विचारलं नाही. तो झाला चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. आमची प्रेस म्हणजे दोन मजली घराएवढं यंत्र. खाली लोखंडी साचा, त्याला डाय म्हणायचं. वर एक अवजड भाग, त्याला रॅम म्हणायचं. मध्ये पत्र्याचा सपाट तुकडा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, रॅम खाली येतो, धाडकन आवाज होतो आणि गाडीच्या सीटखालची ब्रॅकेट तयार. दोन्ही हातांना बटणं अशासाठी की हात बटणावर असले म्हणजे ते डायमध्ये नसतात. अशा सात प्रेस एका छपराखाली धडधडत असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. मी तिथे आधी डाय सेटर होतो, पुढे शॉपचा फोरमन झालो.

प्रेस शॉपमध्ये शिव्यांशिवाय पान हलत नाही. माल अडला, शिवी. पाना सापडला नाही, शिवी. पाना सापडला तरी एक शिवी. या सगळ्यात एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगायचो, की माझ्या तोंडून कधी कोणाच्या आईबहिणीचा उद्धार झाला नाही. नवीन पोरांना जुने कामगार सांगायचे, साळवे साहेब देवमाणूस आहे, शिवी देत नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं. एका रविवारी पाळकांनी तोंडाच्या पापावर उपदेश केला आणि विचारलं, या आठवड्यात कोणाच्या मुखातून घाण शब्द गेला? आमचे निम्मे पुरुष चपलांकडे बघायला लागले. मी मान ताठ ठेवून बसलो होतो.

शिवी देत नव्हतो, पण मी नावं ठेवायचो. तीही आमच्या धंद्यातली. एक काडीपैलवान होता, कुठल्याही फटीत शिरून काम करायचा, त्याला मी 'शिम' म्हणायचो. शिम म्हणजे फट भरायला घालतात ती पातळ पत्री. एकाला काही सांगितलं की आधी नाही म्हणायची खोड होती, तो 'नो-गो'. भोक बरोबर आहे का ते बघायचं एक माप असतं, त्याचं एक टोक भोकात जायला हवं आणि दुसरं जाताच कामा नये, त्या दुसऱ्या टोकाचं ते नाव. नाव ठेवलं की शॉपभर हशा पिकायचा आणि दोन दिवसांत ते माणसाला चिकटायचं. यात काही वाईट आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही. उलट मला ती माझी कला वाटायची.

दशरथ येळवंडे महाळुंग्याचा. एमआयडीसी आली तशी घरची जमीन कमी झाली आणि तो कामाला लागला. उंच, कमी बोलणारा, मान थोडी खाली घालून चालणारा. चार नंबरच्या प्रेसवर त्याला लावलं. पहिल्याच आठवड्यात त्याने सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढलेल्या सगळ्या ब्रॅकेट फुकट गेल्या. भोक डाव्या बाजूला हवं होतं ते उजवीकडे. आमच्याकडे तीन रंगांच्या पेट्या असायच्या. हिरव्या पेटीत चांगला माल, पिवळ्यात दुरुस्त होण्यासारखा, आणि लाल पेटीत भंगार, म्हणजे स्क्रॅप. त्या दिवशी चार नंबरपुढे लाल पेट्यांची रांग लागली. मी सगळ्यांसमोर तिथे उभा राहून म्हणालो, आजपासून याचं नाव स्क्रॅप. सगळे हसले. तोही थोडा हसला, नवीन माणूस हसतो तसा.

आता जे लिहितो आहे ते आजवर माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. पत्र्याचा तुकडा जागेवर बसावा म्हणून डायवर एक बोटाएवढी पिन असते. दुसऱ्या दिवशी ती डाय उतरवून बघितली तर पिन उलट्या बाजूला बसवलेली. ती मी बसवली होती. पहिला पीस तपासून सही करायची असते, ती सहीही माझी होती, न तपासता केलेली. दशरथने यंत्राने दिलं ते काढलं, एवढाच त्याचा दोष. मी पिन काढली, बरोबर बसवली, हात पुसले आणि गप्प राहिलो. त्या वेळी माझ्या फोरमन होण्याची बोलणी चालली होती. स्वतःला सांगितलं, नाव काय, दोन दिवसांत विसरतील.

विसरले नाहीत. एकोणीस वर्षं तो स्क्रॅप राहिला. 'स्क्रॅप, चहा आला', 'स्क्रॅपला बोलवा', 'स्क्रॅप उद्या रजेवर आहे'. एकदा गिऱ्हाईक कंपनीचा एक तपासनीस आला, नाकावर चष्मा, हातात वही, हसण्याशी जन्माचं वैर. ड्युटीच्या फळ्यावर आमच्या कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'प्रेस ४ – स्क्रॅप'. त्याने ते वाचलं आणि चार नंबर बंद करायला लावली. त्याला वाटलं या प्रेसवर भंगार निघतंय आणि आम्ही ते उघडपणे फळ्यावर लिहूनही ठेवलंय. अर्धा तास तो माल उलटापालटा करून बघत होता आणि माल एकदम चोख. शेवटी दशरथच पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, माल चांगला हाय. स्क्रॅप म्हंजी मी."

हा किस्सा मी पुढे कितीतरी जणांना सांगितला. लग्नात, ट्रिपमध्ये, एकदा तर मंडळीच्या सहलीतही. शेवटचं वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. आज ते वाक्य लिहिताना हात अडला. एका परक्या माणसासमोर, आपली प्रेस चालू व्हावी म्हणून, त्याने स्वतःच्या तोंडाने ते नाव स्वतःला लावून घेतलं होतं. मी तेव्हा बाजूला उभा राहून हसू दाबत होतो.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. डाय बदलताना रॅम वर थांबवून ठेवतात आणि त्याच्याखाली एक जाड धातूचा ठोकळा उभा करतात, त्याला सेफ्टी ब्लॉक म्हणतात. यंत्राचा ब्रेक सुटलाच तर रॅम ठोकळ्यावर टेकावा, माणसाच्या हातावर नको. हा नियम मी शेकडो वेळा दुसऱ्यांना शिकवला. एके दिवशी माल तातडीचा होता आणि फोरमन असूनही मी स्वतःच डाय लावायला आत वाकलो होतो. ब्लॉक लावायचा कंटाळा केला. पिन बसवत होतो, त्याच जातीची पिन, आणि वर हवा सुटल्यासारखा आवाज झाला. रॅम खाली आला. उजव्या हाताच्या वीतभर वर खण्ण करून थांबला. मी हात ओढला आणि बघितलं तर कोपऱ्यात ब्लॉक उभा होता. मी ठेवलेला नव्हता. मी वाकलो तेव्हा दशरथने मागून येऊन, काही न बोलता, तो ठेवला होता.

तोंडातून काय निघालं ते लिहायला हवं. मी ओरडलो, "तुला कोणी मध्ये यायला सांगितलं होतं?" भीतीने माणूस काहीही बोलतो हे खरं, पण दहा मिनिटांनी भीती गेली, तासाने चहा झाला, शिफ्ट सुटली, बसमध्ये आम्ही एकाच बाजूला बसलो, तरी 'आभारी आहे' हे दोन शब्द मला जमले नाहीत. फोरमनने ब्लॉक लावला नव्हता हे त्या शब्दांतून कबूल झालं असतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ब्लॉक नियमाप्रमाणे लावलेला होता. वाक्य खोटं नव्हतं, त्यात फक्त कर्ता नव्हता.

आणि त्या रविवारी मी मंडळीत साक्ष दिली, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. उजवा हात वर धरून सांगितलं, या हातावर मरण उतरत होतं आणि माझ्या देवाने आपला अदृश्य हात मध्ये घातला. आयाबाया रडल्या. माझी बायको शालिनीही रडली. पाळकांनी नंतर माझा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी देवाचे आभार मानले यात चूक नव्हती. पण माणसाचे आभार चुकवण्यासाठी मी देवाला पुढे केलं होतं, आणि ते इतक्या गोड शब्दांत केलं की माझं मलाही कळलं नाही. त्यानंतर दरवर्षी त्या दिवसाची मी उपकारस्तुती करत आलो, आणि दरवर्षी ती साक्ष थोडी आणखी सजत गेली.

निवृत्तीच्या दिवशी मात्र मी मनाशी ठरवलं होतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ, शाल, नारळ, सहकुटुंब जेवण. सगळ्यांसमोर दशरथचे आभार मानायचे आणि ब्लॉकची खरी गोष्ट सांगायची. शालिनीला म्हणालो होतो, आज एक जुनं ओझं उतरवणार आहे. कागदावर काही लिहिलं नाही. भाषणासाठी कागद लागणारा माणूस मी नव्हे, असा माझा समज. तो तिसऱ्या रांगेत बायको आणि मुलीबरोबर बसला होता. मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बापासारखीच उंच. मी माइक धरला, चार लोकांचे आभार मानले आणि म्हणालो, "आता एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मी इथून जाऊ शकत नाही. माझा हा हात आज आहे तो याच्यामुळे. आपला..."

आणि नाव येईना. खरंच सांगतो, एकोणीस वर्षांत ते नाव मी हजेरीवर वाचलं असेल, पण जिभेवर कधी घेतलंच नव्हतं. सगळे वाट बघत होते. जिभेला जी सवय होती तेच तिने केलं. "आपला स्क्रॅप," मी म्हणालो. कॅन्टीन हशाने दणाणलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं साहेबांनी मुद्दाम गंमत केली. दशरथ उठून उभा राहिला, हात जोडले आणि खाली बसला. ब्लॉकची गोष्ट राहून गेली, कारण त्या हशानंतर ती सांगण्याचं माझं धैर्य झालं नाही.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी ती मुलगी आली. अजिबात चिडलेली नव्हती, आवाजही चढवला नाही. "काका, माझ्या पप्पांचं नाव दशरथ आहे," एवढं म्हणाली आणि हात पुसत निघून गेली. मी नळ बंद करायचा विसरून तिथेच उभा राहिलो. शालिनी शेजारीच होती, तिने ऐकलं. घरी आल्यावर शाल घडी करून ठेवताना तिने विचारलं, "ओझं ते हेच का?"

शरम वाटली की माणूस घरी बसतो. मी सहा महिने बसलो. मंडळीत उपकारस्तुतीला उभं राहायची पाळी आली की घसा बसल्याचं सांगायचो. पाळकांनी मधलिंबू सुचवलं. शेवटी शालिनीनेच एका सकाळी डब्यात नानकटाया भरून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, जाऊन या. दशरथ सेकंड शिफ्टला असतो हे मला माहीत होतं, म्हणजे सकाळी घरी सापडणार.

महाळुंगे आता गाव कुठे संपतं आणि कंपन्या कुठे सुरू होतात ते सांगता येत नाही. फाट्यावर सलीमभाईचं गॅरेज आहे, तिथे थांबून दशरथ येळवंडेंचं घर विचारलं. गावातल्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण सलीमभाई कंपन्यांच्या मागून आलेला, त्याची सगळी ओळख कंपनीवाल्यांशी. तो म्हणाला, येळवंडे इथं पन्नास घरं आहेत, दशरथ ध्यानात येत नाही. मी सांगितलं, प्रेस शॉपला आहेत, उंच आहेत. त्याचा चेहरा उजळला. "स्क्रॅपभाऊ? मग तसं सांगा ना राव. लई सज्जन माणूस." माझ्या तोंडून निघालेला शब्द माझ्याआधी तिथे पोचून गावाच्या वेशीवर बसला होता.

दशरथ ओट्यावर लसूण सोलत होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मुलगी कॉलेजला गेली होती, याचं मला हायसं वाटलं आणि त्याचीही लाज वाटली. नाव घेऊन बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडावर नाव घेववेना. 'अहो', 'तुम्ही' करत राहिलो. त्यालाच ते अवघडल्यासारखं झालं, कारण इतकी वर्षं मी त्याला अरे-तुरे करत आलो होतो. मग एकदाचं पिनचं सांगून टाकलं. पिन मी उलटी बसवली होती, सही मी केली होती, तुमची चूक नव्हती.

तो लसूण सोलतच राहिला. "ठावं हाय," म्हणाला. "तवाच बघितली व्हती मी पिन."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, नवीन होतो, पर्मनंट व्हायचं होतं, आणि सेटरच्या विरुद्ध त्याच्या हाताखालचा माणूस काय बोलणार. नंतर बोलण्यात अर्थ राहिला नाही. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. एकोणीस वर्षं त्याने 'स्क्रॅप' या हाकेला ओ दिली, ती खरं काय ते ठाऊक असताना.

मग हाताचं काढलं. रिपोर्टचं सांगितलं. मंडळीत साक्ष दिली तेही सांगितलं, साक्ष म्हणजे काय ते समजावून. त्याने पहिल्यांदा मान वर केली. कुतूहलाने विचारलं, "माझं नाव घेतलं व्हतं का?"

नाही म्हणालो.

"मंग काय म्हनला व्हता?"

"देवाने वाचवलं, असं म्हणालो होतो."

त्याने थोडा विचार केला. "त्ये बी खरंच हाय. देवानंच वाचवलं," तो म्हणाला. "पर ब्लॉक म्या ठिवला व्हता."

चहा आला. आम्ही दोघांनी नानकटाया खाल्ल्या. माफ केलं वगैरे काही तो म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही अर्धवटच. निघताना त्याने गाडीपर्यंत सोडलं आणि रस्त्यात खड्डे आहेत, सांभाळून जा, म्हणाला.

पंधरा दिवसांनी आमच्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीचा रविवार होता. त्या दिवशी लोक घरचं पहिलं धान्य, भोपळे, केळी आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवतात. शहरात शेत कुठलं, आमच्यातले बरेच जण पिंपरीच्या मंडईतून आणतात. पाळकांनी घशाची चौकशी करून मला उभं केलं. लोक सरसावून बसले, कारण त्या साक्षीची त्यांना सवय होती. मी म्हणालो, माझ्या हाताची गोष्ट मी तुम्हाला दरवर्षी सांगत आलो आणि दरवर्षी तिच्यातला एक माणूस गाळत आलो. महाळुंग्याच्या दशरथ येळवंडेंनी ब्लॉक ठेवला होता. मी ठेवायला हवा होता, मी ठेवला नव्हता. त्या माणसाला मी खोटं नाव दिलं आणि त्याचे आभार कधी मानले नाहीत. एवढं बोलून मी आमेन न म्हणताच खाली बसलो. यावर आमेन म्हणायचं की नाही ते कोणाला कळेना. मग बायकांच्या बाजूने शालिनीचा एकटीचा आवाज आला, आमेन.

उपासना सुटल्यावर बाहेर पायरीवर बसलो. मन हलकं झालं होतं, खरं तर जरा जास्तच. वाटलं, त्याला आत्ताच फोन करून सांगावं की आज तुमचं नाव घेतलं. मोबाइलमध्ये 'द'खाली बघितलं, सापडेना. 'य'खाली बघितलं. मग लक्षात आलं आणि 'स'खाली गेलो. 'स्क्रॅप प्रेस ४'. साक्ष देताना तो माझ्या वरच्या खिशात त्याच नावाने होता. चष्मा काढून पुसला, नाव खोडलं, एकेक अक्षर शोधून नवं घातलं आणि फोन लावला.

तो शेतात असावा, वारा ऐकू येत होता. नंबर न बघताच त्याने उचलला असणार. मी म्हणालो, "दशरथराव."

त्याने विचारलं, "कोन बोलतंय?"

माझा आवाज त्याला ओळखू आला नव्हता. मग मी माझं नाव सांगितलं.